काळ्या थराशी वाकणारी भेग

बुधवार, १२ मार्च

ठमे,

काल, मंगळवार, अकरा मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तुमच्या वायू कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या सभागृहात तू पडद्यावर सहावे चित्र दाखवलेस आणि लगेच आठवे. सातवे माझे होते. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली, कारण त्या क्षणी दुसरीकडे कुठे पाहावे हे मला कळेना.

निवृत्त बाईला सल्लागार म्हणून बोलवायचे, तिसऱ्या रांगेत बसवायचे, हातात बिस्किट द्यायचे आणि तिचे तीन महिन्यांचे काम पान उलटावे तसे उलटून टाकायचे. वा! आणि हे करणारी कोण, तर माझी सख्खी भाची. शाळेची सगळी वर्षे माझ्या घरी होतीस. दगड वाचायला तुला मी शिकवले, कोअरच्या गोदामात फरशीवर बसवून. तेव्हा ताटातली गाजरे गाळायचीस. काल मला गाळलेस.

संध्याकाळी तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. फोनवर तुझा आवाज कापरा होतो, मग मी विरघळते आणि मूळ मुद्दा राहून जातो. आमच्या कॉन्व्हेंटातल्या मोठ्या सिस्टर कुठल्याही भांडणाचा खुलासा लेखीच घेत. खोटे बोलणाऱ्याला निदान शुद्धलेखनाचा तरी विचार करावा लागतो, असे त्यांचे मत होते. माझेही आहे.

तुझ्या पाहुण्यांना मी जे सांगणार होते ते फार अवघड नव्हते. तुलाही पुन्हा एकदा सांगते, विसरली असशील. काळा शेल म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाचा चिखल. त्यात मेलेले बारीक जीव अडकले, दबले, तापले आणि त्यांचा वायू झाला. हे सेंद्रिय द्रव्य जिथे जास्त तिथे थर जास्त काळा आणि वायूही जास्त. पण दगड इतका घट्ट की वायूला हलायला जागा नाही. वाट असते ती भेगांची. म्हणून आपण विहिरीतून दगडाचे लांब नळकांडे काढतो, त्या कोअरचे तुकडे खोक्यांत लावतो आणि बसतो भेगा बघत. कुठली भेग दगडाची स्वतःची, कुठली आपल्या यंत्राने पाडलेली.

या नव्या विहिरीच्या कोअरमध्ये मला असे दिसले, की दगडाची स्वतःची उभी भेग, आत पांढरे कॅल्साइट भरलेली, राखाडी थरातून नाकासमोर सरळ खाली येते आणि काळ्याकुट्ट थरात शिरताना वाकते. एका खोक्यात नाही, मी पाहिलेल्या प्रत्येक खोक्यात. म्हणजे काळा थर मऊ आहे. म्हणजे वायू जिथे सर्वांत जास्त, तिथेच त्याची वाट मुरगळलेली. तसे असेल तर विहीर कुठल्या खोलीवर फोडायची, म्हणजे पाण्याच्या दाबाने दगड कुठे तडकवायचा, याचा सगळा बेत बदलतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्यांच्या शोधांची चित्रे काढली. हा पहिला माझा होता.

जाता जाता, या वर्षी तुम्ही पाठवलेला आलेखाचा कागद कुणी झोपेत छापला आहे का? भिंगाखाली धरला तर रेघा मधेच पोटात कळ आल्यासारख्या वळतात. मी भांडार विभागाला कडक पत्र लिहिले आहे. सध्या सगळ्याच कारागिरीने मान टाकली आहे. माझ्या स्वयंपाकघराला नवी चौकट बसवली, ती कमरेत वाकलेली. मी एक डोळा मिटून नीट पाहिली. सुतार ओळंबा लावून दाखवतो आणि म्हणतो, "बाई, सरळ आहे." मी त्याला म्हटले, "ओळंबा तुमचा, डोळे माझे." उरलेले काम मी थांबवले आहे.

सातवे चित्र का गाळलेस, याचा लेखी खुलासा शुक्रवार, एकवीस मार्चपर्यंत हवा.

मावशी

*

शनिवार, १५ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र कार्यालयात सगळ्यांसमोर उघडलं, कारण पाकिटावर तू "खुलासा मागणारे" असं लाल शाईत लिहिलं होतंस. शिपाई अजून माझ्याकडे दयेनं बघतोय.

चुकलं माझं. सातवं चित्र दाखवायला हवं होतं, निदान तुला आधी सांगायला हवं होतं. झालं असं, की वेळ कमी होता आणि साहेबांनी ऐनवेळी म्हटलं, एखादं चित्र कमी करा. समोर जे आलं ते मी काढलं. तुझं आहे म्हणून नव्हे गं. तुझा अपमान करायची माझी छाती आहे का?

तुला बिस्किट दिलं ते अपमान म्हणून नव्हतं. सकाळी तू काही न खाता निघतेस हे मला माहीत आहे.

एक विचारू? चौकट बघताना कुठला डोळा मिटला होतास? आणि आलेखाचा कागद नुसत्या डोळ्यांनी कसा दिसतो, भिंगाशिवाय? वाचताना हल्ली ओळ चुकते का? सहज विचारतेय. आमच्या इथे सगळ्यांची डोळे तपासणी झाली, माझाही नंबर वाढला. तूही एकदा करून घे ना. पुढच्या रविवारी, तेवीसला, मी येते, आपण मिळून जाऊ. ओळखीची डॉक्टर आहे, रविवारीही बघेल.

सुताराला काढू नकोस लगेच.

तुझी,
ठमी

*

बुधवार, १९ मार्च

ठमे,

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत आणि एक खोटे. चुका माफ.

काल साहेब गोदामात आले होते. मी कोअर पुसत होते. त्यांना सरळ विचारले, "साहेब, सातवं चित्र तुम्ही काढायला लावलंत?"

ते म्हणाले, "कुठलं सातवं, बाई?"

"सहाव्या आणि आठव्याच्या मधलं."

"अहो, मला वाटलं मोजताना माझंच चुकलं. आणि वेळेचं म्हणाल तर आपण चहाच्या आधी संपवलं की! मी तर पाहुण्यांना काय दाखवू म्हणून पंखे दाखवत होतो."

साहेबांकडे अनेक गुण नाहीत, पण खोटे बोलण्याइतकी कल्पनाशक्तीही त्यांच्याकडे नाही. तेव्हा खोटे तू बोललीस. का, याचा मी रात्रभर विचार केला. शेवटी एकच उत्तर उरते. भेगेचे वळण तुला पटले आहे. इतके पटले आहे, की पाहुण्यांसमोर ते माझ्या नावाने यायला नको होते. पुढच्या अहवालात ते कुणाच्या नावाने येणार आहे, ठमे?

लहानपणी तू माझ्या खडूच्या डबीतून रंगीत खडू उचलायचीस. मी बघून न बघितल्यासारखे करत असे. तू मागितले असतेस तर हेही देऊन टाकले असते.

आणि मधेच हे डोळ्यांचे काय काढलेस? अडचणीतला माणूस विषय बदलतो हे मला माहीत आहे, पण निदान चांगला विषय तरी काढायचास. विचारलेसच म्हणून सांगते. चौकट उजव्या डोळ्याने पाहिली, डावा मिटून. ज्या डोळ्याला आयुष्यभर भिंग लावले त्याच डोळ्याने माणूस बघणार. नुसत्या, दोन्ही डोळ्यांनी कागद बरा दिसतो. बारकाईने पाहिले की त्याचे खरे रूप कळते. माणसांचेही तसेच आहे.

रविवारी येऊ नकोस. दार उघडणार नाही.

मावशी

*

रविवार, २३ मार्च, तुझ्या दारासमोरची पायरी

मावशी,

मघाशी तू दाराआडून म्हणालीस, "जे काही असेल ते लेखी दे." म्हणून देतेय. मांडीवर पर्स, पर्सवर कागद, अक्षर समजून घे. शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या. "किल्ली हरवली का गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही काकू, मावशी हरवलीय." त्या घाबरून पोलिसांना बोलवायला निघाल्या होत्या.

खोटं बोलले मी. साहेबांचं नाव मी पुढे केलं. आता खरं लिहिते, आणि तू शेवटपर्यंत वाच. मधेच फाडू नकोस.

सभेच्या आदल्या दुपारी कोअरची स्कॅन आली. माणसाच्या पोटाची काढतात तशी आता दगडाचीही काढतात, तुला माहीतच आहे. मला वाटलं, तुझ्या चित्राच्या शेजारी स्कॅन लावावी, म्हणजे पाहुणे थक्क होतील. मी तुझं सातवं चित्र पारदर्शक करून त्यावर ठेवलं. थरांच्या सीमा बरोब्बर जुळल्या. भेगेचं वरचं टोक जुळलं, खालचं टोक जुळलं. मधे जुळली नाही. स्कॅनमध्ये भेग सरळ आहे.

मला वाटलं स्कॅन चुकली. तुझ्यापेक्षा यंत्र चुकलं असेल असंच मला आधी वाटलं, हे लक्षात ठेव. मग मी तुझी बाकीची चित्रं काढली. सगळ्यांत तेच. मग माझ्या लक्षात आलं, की वळण काळ्या थरामुळे येतच नाहीये. एका खोक्यात तू काळा थर सोडून वरच्या राखाडी थरातला शिंपला काढला आहेस. तिथे भेग शिंपल्यापाशी वाकलीय. दगडाला शिंपल्याचं काय? तू भिंग जिथे धरतेस तिथे ती वाकते, मावशी. काळ्या थराशी वाकते, कारण तुला काळ्या थराचं कुतूहल आहे. तू तिथेच बघतेस.

पाहुण्यांपैकी एकानं ती स्कॅन पाहिली होती. तुझं चित्र पडद्यावर आलं असतं तर त्यानं पहिलाच प्रश्न तो विचारला असता, सगळ्यांसमोर, आणि तू तिसऱ्या रांगेत बसलेली. माझ्याच्यानं झालं नाही. मी पान उलटलं. तुला बाजूला घेऊन सांगायची हिंमत नव्हती, म्हणून खोटं लिहिलं. मग तुझ्या पत्रात आलेखाचा कागद आला, चौकट आली. आमच्याकडचा कागद मी पट्टी लावून पाहिला. सरळ आहे. सुतारही खरं बोलतोय.

मी डॉक्टरला फोन केला, तुझं नाव न सांगता. तिनं सांगितलं ते असं. डोळ्याच्या आत मागे पडदा असतो, त्याच्या मधोमध पाणी झिरपून फुगवटा येतो, मग सरळ रेघ वाकडी दिसते. दुखत नाही, लाल होत नाही. दुसरा डोळा चांगला असेल तर महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. लवकर इंजेक्शन दिलं तर नजर राखता येते. थांबलं तर मधला भाग जातो तो जातोच. ती म्हणाली, "ज्यांच्याबद्दल विचारताय त्यांना आजच घेऊन या."

आज तू दार उघडलं नाहीस. गुरुवारी, सत्तावीसला, तिनं तुझ्यासाठी वेळ ठेवलाय.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच शिकवलंस ना, शंका आली की पुन्हा मोजायचं. गोदामात जा, तेच खोकं घे, भिंग डाव्या डोळ्याला लाव आणि तीच भेग पुन्हा काढ. बस. एवढंच कर.

आणि मी तुझं काही चोरणार नव्हते. रंगीत खडूसुद्धा मी वापरून परत ठेवायचे.

ठमी

(दाराखालून आत सरकवत आहे.)

*

त्याच कागदाच्या मागे, दाराखालून बाहेर

डोळा माझा. बघायचे की नाही ते मी ठरवीन. तुझी पाचची बस चुकेल, नीघ. पायरीवर बसून कंबर धरेल. पिशवीत डब्यात काहीतरी आहे, दाराबाहेर ठेवते, मी आत गेल्यावर घे.

*

मंगळवार, २५ मार्च

ठमे,

काल सकाळी गोदामात गेले. ते खोके मीच खाली काढले. कोअरवर ओलसर फडके हलकेच फिरवले. काळ्या शेलला जास्त पाणी लागले तर तो पापुद्र्यांसारखा सुटतो, तेवढे भान मला अजून आहे. मग भिंग डाव्या हातात घेतले आणि डाव्या डोळ्याला लावले. इतकी वर्षे या धंद्यात काढून नवशिक्या पोरीसारखी धडपडले. भिंग नाकावर आपटले.

भेग सरळ होती.

राखाडी थरातून आली, काळ्यात शिरली, तशीच खाली गेली. आमच्या सिस्टर पट्टीने समास आखत असत, तशी. मग उजवा डोळा लावला. वाकली. डावा, सरळ. उजवा, वाकली. लहान मूल दिव्याचे बटण खालीवर करते तशी मी तिथे उभी राहून हे करत होते. दगड जागचा हलला नव्हता.

मग वेगळ्याच हट्टाने तुझे पत्र काढले आणि नुसत्या उजव्या डोळ्याने पाहिले. सुरुवातीला तू "मावशी" लिहिले आहेस. त्यातला "मा" दिसला, शेवटची "शी" दिसली. मधला "व" गेला होता. उरली ती माशी. मी एकटीच गोदामात मोठ्याने हसले, आणि मग खोक्यांच्या मधल्या स्टुलावर बसून राहिले. 

तुला खरे सांगायचे तर डोळ्यापेक्षा आधी मला भेगेचे वाईट वाटले. तीन महिने मी ते वळण घेऊन झोपत होते, उठत होते. एवढ्या वयात आपल्याला काही नवे दिसले, याचा मला कोण आनंद होता. ते वळण माझ्याच डोळ्यात होते. दगड बिचारा सरळ होता आणि मी त्याच्यावर आळ घेत होते. डोळ्याचे वाईट वाटायला दुपार झाली, आणि मग भीती वाटली. तीही लिहून ठेवते. तुझ्यापासून लपवण्यात आता काही अर्थ नाही, तू माझ्या डोळ्याच्या आत जाऊन आली आहेस.

आता हिशेब चुकते करते. साहेबांना मी आजच पत्र दिले आहे, की या विहिरीची माझी सर्व चित्रे मी मागे घेत आहे, निरीक्षणात दोष आहे, दोष माझ्या उजव्या डोळ्याचा आहे. माझी चित्रे दुसऱ्या कुणी मागे घेण्यापेक्षा मी घेतलेली बरी. ते वाचून साहेब उठून उभे राहिले. मग त्यांनी पंखा वाढवला.

सुताराला बोलावून चहा पाजला. तो म्हणाला, "बाई, मी तेव्हाच म्हणालो होतो." मी म्हटले, "म्हणालात, पण पटेल असं म्हणाला नाहीत." तो हसला. उरलेले काम उद्यापासून सुरू करतो आहे. भांडार विभागाला लिहिलेले पत्र परत मागवायला गेले, तर ते त्यांनी अजून उघडलेच नव्हते. काही गोष्टी या जगात सुदैवाने बदलत नाहीत.

तुला चोर म्हटले ते शब्द मागे घेते. पाहुण्यांसमोर पान उलटलेस ते आता मला कळते. खोटे बोललीस ते अजूनही चूकच, पण त्याला मी काही म्हणणार नाही.

हे पत्र आणि सोबत डाव्या डोळ्याने काढलेले नवे चित्र गोदामाच्या गाडीने पाठवते, उत्तर त्याच गाडीने येऊ दे. हात थरथरल्यासारखा दिसेल, डावा डोळा नवशिका आहे.

गुरुवारी डॉक्टरकडे जाते. तू येऊ नकोस. तुझा अहवाल त्याच आठवड्यात द्यायचा आहे हे मला साहेबांकडून कळले. माझे मी बघते. बघते म्हणजे, जेवढे दिसते तेवढे.

मावशी

*

बुधवार, २६ मार्च

प्रिय माशीस,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग स्वच्छतागृहात जाऊन रडले, मग पुन्हा हसले. शेजारच्या टेबलावरची मुलगी आता माझ्याशी जपून बोलतेय.

तुझं नवं चित्र मी स्कॅनवर ठेवलं. बरोब्बर. थरथरलेली रेघ आहे पण भेग जिथे आहे तिथेच आहे. इतकंच नाही, काळ्या थराच्या तळाशी तू दोन केसासारख्या बारीक भेगा दाखवल्यास, त्या स्कॅनमध्ये मला दिसल्याच नव्हत्या. मोठं करून पाहिलं तेव्हा सापडल्या. नवशिका म्हणे! अहवालात आता हेच चित्र सातवं आहे, खाली तुझं नाव आहे. भेगा काळ्या थरातून पार जातात, म्हणजे वायू जिथे जास्त तिथे वाटही आहे. विहीर तिथेच फोडायची असं ठरतंय. तुला हवं होतं त्याच्या उलट झालं, पण झालं तुझ्याच चित्रावरून.

उद्या येऊ नको म्हणालीस म्हणून येत नाहीये. एकदा दार न उघडलेलं पुरे, दुसऱ्यांदा मला तुझा राग झेपायचा नाही. अहवालही उद्याच द्यायचाय. डॉक्टर चांगली आहे, तिला सगळं सांगून ठेवलंय. इंजेक्शनच्या आधी डोळा बधिर करतात, दुखत नाही. घरी आलीस की झोप. आणि यावेळी तरी फोन उचल.

तुझी,
ठमी

*

शनिवार, २९ मार्च

ठमे,

फोन उचलला नाही, कारण डॉक्टरने दोन दिवस डोळ्याला त्रास देऊ नका म्हटले होते, आणि मी रडले असते. आज पट्टी काढली आहे. हे पत्र डाव्या डोळ्याच्या मेहेरबानीने लिहिते आहे.

माझ्या तक्रारीचा विषय असा.

गुरुवारी सकाळी मी डॉक्टरकडे गेले. बाहेरच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावलेल्या, आणि प्रत्येक खुर्चीवरच्या माणसाच्या शेजारी दुसरे कुणीतरी. कुणाचा मुलगा, कुणाची सून, एका आजोबांबरोबर तर चार माणसे, जणू ते निवडणुकीला उभे आहेत. माझ्या शेजारी माझी पर्स. परिचारिका येऊन म्हणाली, "सोबत कोण आहे?"

"मी आहे."

"तसं नव्हे हो, तुमच्याबरोबर कोण?"

"मीच."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला उजव्या डोळ्यानेही स्पष्ट दिसली.

आत निजवले, डोळ्यात थेंब टाकले, चेहऱ्यावर कापड घातले, त्याला फक्त डोळ्यापुरते भोक. दुखत नाही हे तू खरे लिहिले होतेस. पण सुई येताना दिसत नसली तरी येते आहे हे कळते. मी मनात काळ्या शेलचे थर मोजायला लागले, वरून खाली. तेवढ्यात त्या परिचारिकेने माझा हात धरला. चांगला हात होता, उबदार. मी तो घट्ट धरून ठेवला आणि मला तिचा राग आला, कारण तो तुझा नव्हता.

डॉक्टर म्हणाली, जो "व" गेला तो पूर्ण परत येईल असे सांगू शकत नाही, पण बाकीची अक्षरे आपण जाऊ द्यायची नाहीत. तिच्याशी माझे जमेल असे दिसते. काल सकाळी पट्टी थोडी उचलून उजव्या डोळ्याने खिडकीचा गज पाहिला. अजून वाकतो, पण पूर्वीइतका नाही. की मला तसे हवे आहे म्हणून दिसते? आता माझ्याच डोळ्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या कुणीतरी शेजारी उभे राहून सांगायला हवे.

येऊ नकोस असे मी लिहिले होते, हे मान्य. ते माझ्याच अक्षरात आहे, नाकारत नाही. पण तू मला ओळखतेस कधीपासून? सहा वर्षांची असल्यापासून मी तुला हजार गोष्टी सांगितल्या. गाजरे खा, केस विंचर, कोअरवर बसू नकोस, पावडरीच्या डब्यात बोट घालू नकोस. एकही ऐकली नाहीस. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे म्हणणे अक्षरशः पाळायला तुला हाच गुरुवार सापडला? ही आज्ञाधारकता मी मान्य करत नाही. तिचा निषेध नोंदवते.

पुढचे इंजेक्शन गुरुवार, चोवीस एप्रिल रोजी सकाळी दहा वाजता आहे. त्यानंतर आणखी असतील, किती ते डॉक्टरही सांगत नाही. त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोण असणार, याचे लेखी उत्तर मला गुरुवार, दहा एप्रिल, संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी मिळाले पाहिजे. "बघते", "जमवते", "साहेबांना विचारते" ही उत्तरे विचारात घेतली जाणार नाहीत. "येते" हे एकच क्रियापद चालेल, आणि तेसुद्धा निघताना दारात म्हणतात ते "येते" नव्हे. येऊन राहण्याचे.

मावशी